खेळायचा सदरा

महिपतीने उजव्या बुटाच्या टोकाशी आणखी एक चिंधी कोंबली, पाय आत सारला आणि नाडी तळव्याखालून फिरवून घट्ट आवळली. बूट क्लबचे होते, दुसऱ्या कुणाच्या तरी मापाचे. आज ते मैदानाला लागणार नाहीत हे त्याला ठाऊक होतं. तरीही सकाळी त्याने त्यांना खोबरेल तेल चोळलं होतं, कारण आज त्याचे वडील मॅच बघायला येणार होते.

बाकाखाली त्याने एक गाठोडं सारून ठेवलं होतं. त्यात अंथरायची वाकळ होती, दोन सदरे होते आणि वीतभर आरसा होता. सोलापुरात आल्यापासूनचा त्याचा सगळा संसार तेवढाच. मॅच संपली की वडिलांना सांगायचं, “आप्पा, मला घिऊन चला,” आणि संध्याकाळच्या पॅसेंजरने त्यांच्याबरोबर आपलं गाव केम गाठायचं, असं त्याने रात्रीच ठरवून टाकलं होतं. वाक्य काही मोठं नव्हतं. पण सकाळपासून तो ते तोंडात घोळवत होता.

केमला स्टेशनच्या मागे एक पडीक रान होतं. केरळातून आलेल्या एका असिस्टंट स्टेशनमास्तरांनी तिथे गावातल्या पोरांना फुटबॉलचा नाद लावला. महिपती त्या सगळ्यांत तरबेज निघाला. अनवाणी खेळायचा. दुष्काळात खडी फोडायच्या कामावर दिवस काढलेले पाय. त्यांना काटा लागत नव्हता की खडा. कुर्डुवाडीच्या स्पर्धेत गिरणीच्या क्लबच्या कोच रेवणप्पांनी त्याला पाहिलं आणि उचललंच. गिरणीत नोकरी, क्लबात जागा आणि राहायला गोलकीपर शेखलालच्या खोलीत अर्धा कोपरा. गावाने पेढे खाल्ले.

इथे आल्यावर पायात बूट आले. अनवाणी असताना महिपतीच्या पायाला चेंडू दिसायचा. बुटात गेल्यावर पाय आंधळे झाले. त्यातून मैदानावरचा आरडाओरडा. पुढचे दोघे तेलुगूत ओरडायचे, बचावातले कानडीत आणि शेखलाल त्याच्या दखनीत. काय म्हणाले ते महिपतीला कळेपर्यंत चेंडू कुणीतरी घेऊन गेलेला असायचा. रेवणप्पा आधी रागावले, मग समजावून सांगू लागले आणि मग त्यांनी दोन्ही सोडून दिलं. ते सोडलेलं महिपतीला फार लागलं. पावसाळा गेला, थंडी आली, पण एकाही मॅचला त्याला आत घेतलं नव्हतं. दिवाळीत घरी गेला तेव्हा आईने विचारलं, “खेळतूस न्हवं?” तर तो म्हणाला, “खेळतो की.” आता ते बोलणं निस्तरायची वेळ आली होती.

“ते बघ, तेरे बाबा आये,” शेखलाल म्हणाला.

धोंडीराम मैदानाच्या कडेकडेने येत होता. डोक्याला फेटा, काखेत पिशवी, आणि त्याचे ते मोडलेले कान. करमाळ्याच्या बाजूला एके काळी धोंडीराम पैलवानाचं नाव होतं. अजूनही तो चार माणसांत बसला की एकदा तरी सांगायचाच, उभ्या हयातीत पाठीला माती लागू दिली नाही. कुस्तीत पाठ टेकली की सगळं गेलं. छातीला, कोपराला, गुडघ्याला कितीही माती असो, ती मिरवायची. मैदान मारून तो घरी यायचा तेव्हा महिपतीची आई बजाबाई त्याला अंघोळीला लगेच पाणी काढत नसे. आधी गल्लीला बघू दे, म्हणायची.

महिपतीने वाकून वडिलांच्या पायांना हात लावला. धोंडीरामने त्याला खांद्याला धरून उभं केलं आणि त्याच्या अंगातला पिवळा सदरा नीट न्याहाळला.

“झ्याक दिसतोय,” तो म्हणाला. “वाळलास मातर.”

मग तो बाकाच्या मागेच जमिनीवर मांडी घालून बसला. मॅच सुरू झाली. अकरा जण आत पळायला लागले आणि महिपती बाकावरच राहिला. त्याच्या मानेला मागून वडिलांची नजर लागलेली कळत होती.

“तू कवा?” धोंडीरामने शेवटी विचारलं.

“सांगत्याल ते.”

शेजारी गिरणीतला एक म्हातारा जॉबर, म्हणजे मुकादम, बसला होता. त्याने सहज विचारलं, “तुमचा पोरगा का? बसून आहे तो?”

“व्हय,” धोंडीराम म्हणाला. “एक नंबरची कुस्ती शेवटालाच आसती. बारकी पोरं आदी लावत्यात. मोट्या गड्याला कोन पयल्यांदा सोडतंय व्हय?”

जॉबरने महिपतीकडे पाहिलं आणि चेहरा पुन्हा मॅचकडे वळवला. भला माणूस. महिपतीला मात्र जमिनीत जावंसं वाटलं. वडिलांनी चिडून विचारलं असतं की तुला घेत का नाहीत, तर त्याला परवडलं असतं.

दुसऱ्या अर्ध्यात डाव्या बाजूचा खेळाडू पाय मुरगळून खाली बसला. तीच महिपतीची जागा. तो उठला, सदरा चड्डीत खोचला आणि दोन पावलं पुढे गेला. रेवणप्पांनी न वळताच हात मागे केला.

“बस, बस. तू न्हाई.”

बाकावरचा दुसरा एक तेलुगू पोरगा पळत आत गेला. गेल्या महिन्यात क्लबात आलेला, वयाने महिपतीहून लहान. महिपती परत येऊन बसला. खोचलेला सदरा बाहेर काढावा की तसाच ठेवावा हेही त्याला समजेना. मागून धोंडीरामचा खोकला ऐकू आला.

मॅच गिरणीने जिंकली. पोरांनी एकमेकांना उचललं, रेवणप्पांना हार घातला. महिपतीने टाळ्या वाजवल्या. मग तो वडिलांसमोर जाऊन उभा राहिला. वाक्य तोंडात तयार होतं.

“आप्पा...”

“जोड मिळाली न्हाय व्हय?” धोंडीरामने विचारलं.

महिपतीने त्याच्याकडे पाहिलं. धोंडीरामचा चेहरा साधा होता, शेतातून आल्यावर म्हशीची चौकशी करावी तसा.

“व्हतं आसं,” तोच पुढे म्हणाला. “तोलामोलाचा गडी समूर नसला की काय करनार? अकलूजला मी दिसभर लंगोट बांदून बसलो व्हतो. जोडच लागंना. तसाच माघारी आलो.”

आता बोलायला हवं होतं. आप्पा, हा कुस्तीचा फड नव्हे. हितं जोड बघत नाहीत, हितं मला कुणी विचारत नाही. एवढं सगळं महिपतीच्या मनात आलं. त्याला वडिलांचा राग आला आणि त्या रागाची लगेच लाजही वाटली.

“व्हय,” तो म्हणाला. “जोड मिळाली न्हाय.”

धोंडीरामने मान डोलावली आणि पिशवीतून फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि शेंगांची चटणी काढून त्याच्या हातात दिली.

“तुज्या आईनं सांगितलंय, पोराचा खेळायचा सदरा एक डाव घरी आना. भावकीला दावायचाय तिला. न्हेता यील का?”

सदरा क्लबचा होता. महिपती घुटमळला. बाजूला बुटाच्या नाड्या सोडत बसलेल्या शेखलालने वर न बघता उत्तर दिलं.

“ले जाने दे बाबा कू. मैं बोल देतूं रेवणप्पा कू.”

महिपतीने सदरा उतरवून आपला रोजचा अंगात घातला. धोंडीरामने तो पिवळा सदरा दोन्ही हातांत धरला. इस्त्रीची घडीसुद्धा मोडली नव्हती. त्याने तो पालथा केला, पुन्हा सरळ केला आणि मांडीवर ठेवला. मग त्याचं लक्ष बाकाखाली गेलं.

“ते काय रं?”

“धुवायची कापडं.”

धोंडीरामने वाकून गाठोडं ओढलं, एका हाताने उचलून बघितलं. वाकळ काही हलकी नसते. त्याने ते होतं तसं परत ठेवलं.

“जा,” तो म्हणाला. “काय आवरायचं आसंल ते आवर. हाय मी हितं.”

जाळ्या सोडून, कोपऱ्यांतले झेंडे उपटून ते क्लबच्या खोलीत ठेवायचं काम बाकावरच्यांचं असे. महिपतीने मदतीला आलेल्या शेखलालबरोबर ते उरकलं. परत येताना त्याला बाकाशी वडील दिसले नाहीत. लोक पांगले होते. पलीकडच्या गोलजवळ, जिथे गवत पार झिजून माती उघडी पडली होती, तिथे धोंडीराम उकिडवा बसला होता. शेजारी प्यायच्या पाण्याची बादली होती.

महिपती लिंबाच्या झाडाशी थांबला.

धोंडीरामने पिवळा सदरा गुडघ्यावर पसरला होता. ओंजळीतलं थोडं पाणी त्याने मातीवर सांडलं, बोटांनी कालवलं आणि ती माती सदऱ्याच्या कोपराला चोळली. आधी एका, मग दुसऱ्या. मग छातीवर तळहाताने लांब ओढली. थोडं मागे होऊन बघितलं, आणि खांद्याला पुढच्या बाजूने अजून थोडी लावली. त्याला काही घाई नव्हती. बैल धुताना जसा तो एकेक अंग घ्यायचा तसंच त्याचं चाललं होतं. मग त्याने सदरा उलटला. पाठीवर एक शिंतोडा उडाला होता. धोतराच्या सोग्याने तो त्याने पुसला, पुन्हा पुसला, उन्हाकडे धरून बघितला आणि मगच सदऱ्याची घडी घातली.

महिपतीला रडू फुटलं. त्याने तोंडावर हात दाबून धरला. आप्पांना सगळं कळलेलं होतं. कधी कळलं, तो तेलुगू पोरगा आत गेला तेव्हा की त्याच्याही आधी, हे त्याला सांगता आलं नसतं. जोड मिळाली नाही, हे त्यांनी विचारलं नव्हतं. ती सबब त्यांनी त्याला दिली होती, भाकरीबरोबर.

धोंडीराम उठून, हात धुऊन बाकाशी येऊन बसेपर्यंत तो झाडामागेच राहिला. मग डोळे कोरडे करून, मुद्दाम पाय वाजवत आला.

“चला आप्पा. गाडीची येळ झाली.”

स्टेशनपर्यंत दोघे चालत गेले. धोंडीरामच्या काखेत पिशवी, महिपतीच्या खांद्यावर गाठोडं. वाटेत म्हशीचं बोलणं झालं, ज्वारीला आलेल्या कणसांचं झालं. असिस्टंट स्टेशनमास्तरांची बदली झाली, आता रानात कुणी खेळत नाही, हेही धोंडीरामने सांगितलं.

पॅसेंजरला फारशी गर्दी नव्हती. धोंडीराम खिडकीशी बसला आणि महिपती फलाटावर गाठोडं खाली ठेवून उभा राहिला. गार्ड हातात झेंडा घेऊन डब्यापाशी रेंगाळत होता. धोंडीराम खिडकीतून खाली वाकला.

“गाठोडं आत घिऊ का?”

एवढंच. आवाज नेहमीचाच. महिपतीने फक्त मान हलवली असती तरी चाललं असतं. रात्री तो घरी असता, आईच्या हातचं खाऊन चुलीपाशी पडला असता. त्याने ‘घ्या’ म्हणायला तोंड उघडलं.

“काय हो, पिशवीत काय जपून धरलंय एवढं?” समोरच्या बाकावरच्या माणसाने धोंडीरामला विचारलं. त्याला कुर्डुवाडीला उतरायचं होतं, तसं तो मघापासून सांगत होता.

धोंडीरामने पिशवीतून सदरा काढला आणि मांडीवर उलगडला.

“पोराचा हाय. सोलापुरात क्लबात खेळतो.”

“अगं आई, केवढा मळवलाय!”

“खेळल्यावर माती लागनारच की,” धोंडीराम म्हणाला. मग त्याने सदरा सावकाश पालथा केला आणि पाठीवरून तळहात फिरवला. “पर हिकडनं बगा. पाठ बगा.”

त्या माणसाने पाठ पाहिली. पाठीवर इस्त्रीची घडी अजून तशीच होती.

इंजिनाने शिट्टी दिली. धोंडीराम पुन्हा खिडकीकडे वळला आणि त्याने हात बाहेर काढला, गाठोड्यासाठी.

महिपतीने गाठोडं उचललं आणि आपल्याच खांद्यावर घेतलं.

“न्हाय आप्पा,” तो म्हणाला. “धुवायची कापडं हायती.”