निर्दोष प्रत

मुलीने एकशे बारा छापील पानं टेबलावर ठेवली, नानांचा चष्मा ओढणीला पुसला आणि त्यांच्यापुढे धरला.

"घे. चोर शोधून दे."

पानं तिच्याच पुस्तकाची होती. नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेसाठीचं हे डिजिटल पुस्तक तिने हॉस्पिटलची नोकरी सोडून तीन वर्षं खपून लिहिलं होतं. ते फक्त विकत मिळायचं. गेल्या आठवड्यापासून मात्र ते मोबाइलवरच्या ग्रुपांमधून फुकट फिरत होतं. फाइलचं कुलूप कुणीतरी तोडलं असावं, पानापानावरचं घेणाऱ्याचं नाव पुसलं असावं. विक्री बंद पडली होती.

उरली होती नानांची युक्ती. एकेचाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासलेल्या या माणसाने प्रत्येक प्रतीत एक चूक पेरली होती. अर्थ न बदलणारी, एकच, आणि प्रत्येकाची वेगळी. कुणाच्या 'मूत्रपिंडा'तला 'मू' ऱ्हस्व, कुणाच्या 'रक्तवाहिनी'तल्या 'हि'ला दुसरी वेलांटी. कोणती चूक कुणाची, ते वहीत लिहिलेलं. निर्दोष प्रत कुणालाच द्यायची नाही, हा नियमही त्यांचाच. मुलीलासुद्धा नाही. तिची प्रत क्रमांक एक. पान नऊवर 'नाडि'. चूक नसलेलं मूळ फक्त नानांच्या लॅपटॉपवर.

नाना पेन्सिल घेऊन वाचायला बसले. चूक सापडावी असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं.

महिन्यापूर्वी नातीचा फोन आला होता. मुलाची मुलगी. आईच्या आजारपणात त्याचं बहिणीशी जे वाजलं, त्यानंतर चार वर्षं मुलाने या घराचं नाव घेतलं नव्हतं. "नाना, मीपण परीक्षेला बसतेय. आत्याला सांगू नका हं, बाबा चिडतील." नानांनी त्याच दुपारी फाइल पाठवली होती.

"किती झालं?" मुलीने चहा आणून ठेवला.

"चाळीस पानं. अजून काही नाही."

"म्हातारा झालास. आईने लग्नाआधी लिहिलेलं पत्र दुरुस्त करून परत पाठवलं होतंस म्हणे."

"तीनच चुका होत्या."

ती हसली. या आठवड्यात पहिल्यांदाच.

सत्तराव्या पानावर 'स्नायू' बरोबर होता. नव्वदाव्यावर 'जंतू' बरोबर. फाइल कुठल्यातरी विकलेल्या प्रतीतून फुटली असेल, एवढीच नानांना आशा होती. शेवटचं पान संपलं तेव्हा पेन्सिलीचं टोक जसंच्या तसं होतं.

"कोण?" मुलीने पेन उघडलं. "आज त्याचं खातं बंद करते, आणि नाव लावते सगळ्या ग्रुपांवर."

नानांचं बोट वहीवरून खाली गेलं. सत्त्याऐंशी क्रमांकाच्या बाईंचा कधी फोनही आला नव्हता. मुलगी तपासून बघणार नव्हती. नानांनी वाचलेलं ती पुन्हा वाचत नसे.

"सत्त्याऐंशी," ते म्हणाले. ती लिहायला लागली. "नको. खोड ते."

"का?"

"यात चूक नाही."

"नाही म्हणजे?"

"एकही नाही."

तिने पेनला टोपण लावलं. वहीकडे बघितलं, मग टेबलाच्या टोकाला असलेल्या लॅपटॉपकडे.

"कुणाला दिलीस?"

नानांनी सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही.

"कुणाला दाखवणार नाही म्हणाली होती," ते म्हणाले. "एखाद्या मैत्रिणीला दिली असेल. लहान आहे."

"नंबरवाली प्रत द्यायचीस."

"परीक्षेला बसतेय पोर. तिच्या हातात चुकीचं कसं द्यायचं?"

मुलीने मोबाइलवर आपली प्रत उघडली, पान नऊ काढलं आणि त्यांच्यासमोर धरलं. 'नाडि'.

"माझ्या हातात दिलंस की."

नानांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पुस्तकाचं जाऊ दे," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तिने मागितलं असतं तर मी स्वतः बसून शिकवलं असतं तिला. चार वर्षं वाट बघतेय मी, त्या घरातून कुणीतरी काहीतरी मागेल म्हणून. मागितलं, तर माझ्यापासून लपवायचं ठरवलं. तूसुद्धा."

तिने लॅपटॉपची वायर गुंडाळली, लॅपटॉप पिशवीत घातला, वर वही ठेवली. चप्पल घालताना दारातून वळून म्हणाली,

"तुमचा चहा गार झालाय. दुसरा करून घ्या."

बोलायला लागल्यापासून ती त्यांना अरे-तुरे करत आली होती. वाक्यात चूक नव्हती. नानांनी पेन्सिल खाली ठेवली.