सोडियमचा एकच हात

वेणूने चव्वेचाळिसाव्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरला, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचं ठरवलं, तेव्हा शिरढोणच्या पलीकडच्या त्या गावात दोन दिवस दुसरा विषय नव्हता. तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी प्लॉटवर नागाची जोडी निघाली आणि लोकांनी वेणूला सोडलं.

कारण साधं होतं. गावचं पोलीस पाटलाचं पद यंदा बाईसाठी राखीव निघालं होतं. गावातली निम्मी भांडणं नाहीतरी वेणूच्याच ओट्यावर मिटत. शिक्का तेवढा दुसऱ्याचा असे. तो शिक्का तिला हवा होता, आणि हवा म्हणजे हवाच होता. पण दहावी पास पाहिजे आणि वय पंचेचाळिसाच्या आत पाहिजे. जुलैत तिला पंचेचाळीस पुरी होत होती. म्हणजे मार्चची परीक्षा पहिली, आणि तीच शेवटची.

"आता काय, पाटलीण होऊन मलाच आत टाकतंस काय?" तिचा नवरा आनंदा म्हणाला.

"तुमी आत र्‍हायलाव तर फोन तरी घ्याल," वेणू म्हणाली.

बाकीचे विषय तिने रेटले असते. जमिनीचे गुंठे करून करून गणितही तोंडात बसलं होतं. घोडं अडलं ते विज्ञानात. नववीत असताना मिठागरावर माणसं कमी पडली आणि तिची आई भीमाबाई हिने तिला शाळेतून काढून डोक्यावर मिठाची टोपली दिली. रसायनांची सूत्रं त्याच वर्षी शिकवायची होती. ती राहिली ती राहिलीच.

नशिबाने सून घरातच होती. अंकिता कामोठ्याची, रसायनशास्त्रात एम.एस्सी., लग्नाला जेमतेम आठ महिने झालेले. सकाळी सासू सुनेला तांदळाची भाकरी थापायला शिकवी आणि तिच्या भाकरीला रोज नवीन देशाचा नकाशा म्हणे. दुपारी सून सासूची वही तपासायला घेई. अंकिता सूड घेणाऱ्यातली नव्हती, पण लाल पेन मात्र तिने नवीन आणलं होतं.

"आई, कॅल्शियम क्लोराइड. सूत्र सांगा."

"कालच सांगितला ना."

"काल मी सांगितलं. आज तुम्ही सांगा."

वेणू छताकडे बघे, पंख्याकडे बघे, मग एकदम, "आगो, डाल करपली वाटतं!" म्हणून उठे. डाळ कधीच करपलेली नसे. तीन आठवडे हेच चाललं. अंकिताने परोपरीने समजावलं, की प्रत्येक अणूला ठरावीक हात असतात, त्याला संयुजा म्हणतात, आणि एकही हात मोकळा राहता कामा नये. कॅल्शियमचे दोन हात, क्लोरीनचा एक, म्हणून एका कॅल्शियमला दोन क्लोरीन. वेणूला पटायचं सगळं. फक्त दुसऱ्या दिवशी कुणाला किती हात ते आठवायचं नाही.

मग चुलत पुतणीची हळद आली. मांडवात बायांनी वेणूला पुढे ओढलं, कारण पंचक्रोशीत उखाणा जागच्या जागी जुळवावा तो वेणूने. ती नवऱ्याचं नाव एरवी कधी तोंडातून काढत नसे. रेशन ऑफिसात विचारलं तरी मागे वळून आनंदालाच सांगायला लावी. पण उखाणा म्हटला की अर्धा तास थांबत नसे, आणि एकही विसरत नसे. वीस वर्षांपूर्वी कुणाच्या मांडवात काय म्हटलं, तेही तिला तोंडपाठ.

अंकिता कोपऱ्यात उभी राहून ऐकत होती. घरी आल्यावर साडीही न बदलता तिने वही काढली.

"आई, कॅल्शियम क्लोराइडचा उखाणा घ्या."

"काय येड लागला काय तुला?"

"घ्या तर."

वेणूने पदर सारखा केला, क्षणभर थांबली आणि म्हणाली,

"कॅल्शियमला हात दोन, क्लोरीनला एक,
आनंदरावांचं नाव घेते भीमाबाईंची लेक."

अंकिताने पलंगावर उडीच मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने भाकरी उलटता उलटता विचारलं, तर उत्तर तयार. तिसऱ्या दिवशीही तयार. मग काय, उखाण्यांचा कारखानाच निघाला. धुण्याच्या सोड्याचा असा झाला:

"सोडियमचा एकच हात, कार्बोनेटचे दोन,
आनंदराव मित्रांत बसले की घेत नाहीत फोन."

हा ऐकून आनंदा तीन दिवस पहिल्या रिंगला फोन घेत होता. ॲल्युमिनियमच्या तीन हातांत वेणूने तिन्ही नणंदा बसवल्या. नायट्रेट, सल्फेट, फॉस्फेट, कुणालाही आनंदरावांच्या संसारातून सुटका मिळाली नाही. अंकिताने बत्तीस संयुगांची यादी केली होती. एकेकावर लाल खूण पडत गेली. सोडियम क्लोराइड आलं तेव्हा अंकिताच म्हणाली, "हे राहू दे. मिठागरातल्या बाईला मीठ काय शिकवायचं!"

"हा तं माज्या मायेरचा," वेणू म्हणाली. दोघी हसल्या आणि खूण करून पुढे गेल्या.

फेब्रुवारीत पनवेलच्या एका शाळेत प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षा होती. वेणू नवी साडी नेसून गेली. रांगेत सगळी सोळा-सतरा वर्षांची पोरं. एकाने तिला पालक समजून बसायला खुर्ची दिली. किशोरी मॅडम परीक्षक होत्या. तिशीच्या आतल्या, कडक इस्त्रीच्या, सकाळपासून चाळीस पोरांना तेच तेच विचारून कंटाळलेल्या. त्यांनी पांढऱ्या दाण्यांची एक बशी पुढे सरकवली.

"ओळखा, काकू."

वेणूने बोट टेकवलं आणि सरळ जिभेला लावलं.

"अहो काकू! लॅबमध्ये चाखायचं नसतं!" मॅडम खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "विष असतं म्हणजे?"

"मीठ हाय," वेणू म्हणाली. "पर कारखान्यातला. आमच्या आगराचा जाडा येतंय."

"बरं. रासायनिक नाव?"

"सोडियम क्लोराइड."

"सूत्र?"

वेणूने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. डोळ्यांपुढे वहीचं ते पान आलं, त्यावर लाल खूण, आणि खुणेच्या शेजारी उखाण्याची जागा कोरी. बत्तीसमधली एकतीस तिने पाठ केली होती आणि हिने नेमकं राहिलेलं विचारलं होतं. मिठाबद्दल तिला काय माहीत नव्हतं? मिठाच्या कोंडीत खाडीचं पाणी कधी घ्यायचं, त्यावर मिठाची पहिली साय कधी धरते, मीठ गोळा करायची फळी कशी ओढायची, ओल्या टोपलीखाली मान कशी ताठ ठेवायची. चार वर्षं तिने हेच केलं होतं, याच्याचसाठी शाळा सुटली होती. आणि आता यानेच आडवं यावं! तिला रडू यायला लागलं, रागही आला.

"काकू, मागे रांग आहे."

"थांबा मॅडम, एकच मिनीट."

तिने डोळे मिटले. मिठाचा उखाणा नव्हता, पण सोडियम दुसरीकडे कुठेतरी होता. कुठे? फोनच्या उखाण्यात. सोडियमचा एकच हात. तिने उजवा हात वर केला. क्लोरीन? तो आईचं नाव घातलेल्या उखाण्यात. क्लोरीनला एक. तिने डावा हात वर केला. एकाला एक. कुणी मोकळं नाही, कुणी उपाशी नाही. दोन्ही हात आपोआप एकमेकांना भिडले.

किशोरी मॅडमचा चेहरा कसनुसा झाला. "काकू, प्लीज, असे हात जोडून मार्क मिळत नाहीत."

"मी हात जोडत नाय मॅडम, जोडी लावतंय," वेणू डोळे न उघडता म्हणाली आणि खड्या आवाजात सुरू झाली,

"सोडियमचा हात एक, क्लोरीनचा एक,
आनंदरावांचं नाव घेते मिठागराची लेक!"

मग मागच्या रांगेतून टाळ्या. वेणूने मॅडमच्या पुढ्यातला कागद ओढला आणि त्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं: NaCl.

मॅडम हसू दाबत होत्या, पण ते दबेना. त्यांनी खुर्ची पुढे घेतली. "ॲल्युमिनियम ऑक्साइडचा आहे का?"

"हाय की. त्याच्यात नणंदा हायेत."

मागची रांग पुढची दहा मिनिटं तशीच उभी राहिली, आणि कुणी कुरकुर केली नाही.

संध्याकाळी अंकिता दारातच उभी होती. "काय विचारलं?"

"मीठ."

अंकिताने कपाळावर हात मारला. "अरे देवा! आई, ते तर आपण केलंच नाही!"

"नाय केला," वेणू चप्पल काढत म्हणाली. "पर आला."

निकालात विज्ञानाला अठ्ठेचाळीस पडले. त्याच आठवड्यात पोलीस पाटलाचा अर्ज गेला, आणि तो भरताना नवऱ्याच्या नावाच्या रकान्यापाशी वेणूने पुन्हा मागे वळून आनंदाकडे बघितलं. मग ती पेढे घेऊन उरणच्या बाजूला माहेरी गेली.

भीमाबाई चुलीपाशी बसली होती. आता पंचाहत्तरीला आलेली, मान एका बाजूला कायमची कललेली. पास झाली म्हटल्यावर तिने पेढा तोंडात टाकला आणि चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "मीच काडली तुला साळंतून."

"जाऊ दे गो आये. हे बघ." वेणूने ताटात मूठभर मीठ पसरलं आणि त्यात बोटाने सूत्र काढलं. "ह्या मिठाचा नाव. सगल्या जगात असाच लिवतात."

भीमाबाईने वाकून बघितलं. एका डोळ्याने बघितलं, मग दुसऱ्या डोळ्याने बघितलं.

"येवडासाच?"

"येवडासाच."

"मंग डोक्यावर येवडा जड कशाला लागायचा?"

वेणूला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले ते थांबेनात. भीमाबाईने तिच्याकडे बघितलं, ताटातल्या पहिल्या अक्षराची चिमूट उचलली आणि चुलीवरच्या कालवणात टाकली.