शिवलेल्या वायरी

गाडी काही केल्या चालू होत नव्हती. सकाळपासून ताईने स्टार्टर इतक्यांदा मारला होता की आता बॅटरीच धापा टाकायला लागली होती. इंजिन फिरायचं, एकदा खोकायचं, सायलेन्सरमधून बार काढायचं आणि गप्प बसायचं.

गाडी मास्तरांची. मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे आणि वर्षातून एकदा ही जुनी गाडी चढाच्या शर्यतीत पळवायचे. यंदा त्यांनी तिला कॉम्प्युटर बसवायचं मनावर घेतलं होतं. ठिणगी वाटून देणारा जुना डिस्ट्रिब्युटर गेला, त्याच्या जागी बाहेरून विकत आणलेला एक काळा डबा आला. ठिणगी कधी टाकायची हे तो डबा ठरवणार, पण इंजिन कुठवर फिरलंय ते त्याला पिकअप सेन्सर सांगणार. पुलीला दात, दातांसमोर बोटाएवढा सेन्सर, सेन्सरमधून निघालेल्या दोन वायरी. एवढंच काम. संध्याकाळी गाडीची तपासणी होती. ती हुकली की शर्यतही गेली.

वर्कशॉप ताईचं आणि तिच्या धाकट्या भावाचं. ती गाड्यांचं वायरिंग करायची, तो पलीकडच्या अर्ध्या भागात सीटकव्हरं शिवायचा. या वेळी तो आपणहून म्हणाला होता, वायरी तू जोड, बांधणी मी करतो. आणि केलीही होती देखणी. सगळ्या वायरींची एकच जुडी, वर काळं रेक्झिन, त्यावर लाल दोऱ्याची बारीक टीप.

"सेन्सर नि दातांमधलं अंतर परत बघू का?" त्याने विचारलं.

"किती वेळा बघायचं?"

"नाही, मी आपलं म्हटलं."

"तू काही म्हणू नकोस."

मास्तर कोपऱ्यातल्या स्टुलावरून सगळं बघत होते. "डबाच खराब निघाला असेल का हो?"

ताईला हेच ऐकायचं होतं. तिने तावातावाने डबा विकणाऱ्याला फोन लावला. त्याने तिचं सगळं बोलणं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सेन्सरच्या दोन वायरी रंग बघून जोडल्यात का?"

"मग काय बघून जोडायच्या?"

"रंगावर जाऊ नका, बाई. प्रत्येक सेन्सरवाला आपल्या मर्जीने रंग देतो. त्या दोन आपसात बदलून बघा."

फोन ठेवून ती पुटपुटत गाडीखाली शिरली. वायरी बदलल्या, स्टार्टर मारला, आणि इंजिन पहिल्याच झटक्याला चालू झालं. मास्तर उठून उभे राहिले. ताईने कुणाकडे बघितलं नाही, तिचे कान तापले होते. तिने हळूहळू ॲक्सिलरेटर दाबला. वेग चढला तसं इंजिन अडखळलं, धडधडलं आणि बंद पडलं. डब्याला जोडलेल्या लॅपटॉपच्या पडद्यावर लाल चौकोन आला. डब्याची दातांची मोजणी चुकत होती.

ती बॉनेटवर दोन्ही हात टेकून उभी राहिली. मग रेक्झिनच्या त्या जुडीवरून बोट फिरवत गेली आणि मध्येच थांबली.

"यात ठिणगीच्या कॉइलच्या वायरीपण आहेत?"

"सगळ्याच आहेत," भाऊ म्हणाला.

"अरे, ठिणगीची वायर सेन्सरच्या वायरीला चिकटवून नेतात का? तिचा प्रत्येक झटका हिच्यात उतरतोय. नसलेले दात डबा मोजतोय. तुला फक्त दिसायला छान हवं."

भाऊ म्हणाला, "सगळ्या एकत्र घेऊ का, म्हणून मी तुला विचारलं होतं. तू मान वर न करता हो म्हणालीस."

ती हो म्हणाली होती. तेव्हा ती सोल्डरिंग करत होती. तिने ब्लेड उचललं.

"दे इकडे," तो म्हणाला. "माझी टीप मी उसवतो."

उसवायला वेळ कुठे होता? त्याने रेक्झिन सरळ उभं चिरलं. सेन्सरच्या वायरी त्यांनी इंजिनच्या दुसऱ्या बाजूने वेगळ्या नेल्या, त्यांच्यावर झटके अडवणारं तारेच्या जाळीचं आवरण चढवलं आणि ती जाळी फक्त डब्याकडच्या टोकाला अर्थिंगला जोडली. या वेळी इंजिन वरपर्यंत एका सुरात चढलं. मास्तर घाईघाईने गाडी घेऊन निघाले.

ते परत आले तेव्हा भाऊ जमिनीवरचे दोऱ्याचे तुकडे झाडत होता. मास्तरांचा चेहरा बघूनच कळलं.

"तपासणीचं फाटक बंद झालं होतं. गाड्यांची यादी वर पाठवून झाली म्हणाले. पुष्कळ विनवलं." त्यांनी किल्ली बाकावर ठेवली. "गाडी मात्र जाता-येता चढावर एकदाही अडखळली नाही."

"चिडलात ना?" ताईने विचारलं.

"चिडलोय तर. कुणावर, ते ठरत नाहीये."

भाऊ हसला. ताईला काही हसू आलं नाही. तिने बॅटरी काढली आणि चार्जिंगला लावली.