गठ्ठा क्रमांक चारशे सतरा

थोरलीला लपवाछपवी कधी जमली नव्हती. तीन भावंडांत ती मोठी. घरात काही सांडलं-फुटलं की पहिली नजर तिच्याकडे वळायची आणि ती लगेच कबूल करून टाकायची. मोठ्या शहरात इतिहासाचं एम. ए. करायला आल्यावर मात्र ही विद्या तिला एका दुपारीत आली.

त्याचं असं झालं. लघुप्रबंधासाठी तिने जुन्या सरकारी इस्पितळाचा विषय घेतला होता. त्याचे कागद अभिलेखागारात होते. तिथली पद्धत साधी: हवा तो गठ्ठा चिठ्ठीवर लिहायचा, चिठ्ठीची नोंद टेबलावरच्या उघड्या वहीत करायची, मग दप्तरीकाका आत जाऊन गठ्ठा आणणार. वाचनकक्ष आठवड्यातून दोनच दुपारी उघडा. फोन बाहेर कपाटात, आत फक्त पेन्सिल आणि कोरे कागद.

तिने चारशे सोळा मागवला. निघाली कोळशाची खरेदी: किती पोती आली, किती ओली निघाली. तिचा चेहरा पडला. पण त्याच फडक्यात खाली चारशे सतरा बांधलेला होता, आणि त्यात इस्पितळाच्या धुलाईतल्या बावीस बायकांचे अर्ज होते. उकळत्या सोड्यात कपडे बुचकळून हातांची सालं निघतात, तरी रबरी हातमोजे मिळावेत. खाली बावीस अंगठे. त्यावर मोठ्या डॉक्टरांचं उत्तर: हातमोजे घातल्यास डाग राहिला की गेला हे बोटांना समजत नाही, सबब मागणी अमान्य. बायकांनी पुन्हा अर्ज केला. पुन्हा नकार. पुन्हा अर्ज.

थोरलीने पहिला अर्ज पुन्हा वाचला. तिच्या आईनेही बावीस वर्षं घराजवळच्या दवाखान्याच्या धुलाईत काढली होती. आईची नखं तिने कधी सरळ वाढलेली पाहिली नव्हती.

हे सगळं वर्गात कुणाला कळू द्यायचं नाही, असं तिने तिथल्या तिथे ठरवलं. कारण समोरच्या टेबलावर टाचणी बसायचा. तिच्याच वर्गातला, अंगाने काडी, वर गोल डोकं, म्हणून टाचणी. बोट ओलं करून तो चिठ्ठ्यांची वही दर वेळी चाळायचा. तो विषय पळवेल या भीतीने थोरलीने चिठ्ठीवर लिहिलं चारशे सोळा आणि वाचला चारशे सतरा. असं अकरा वेळा.

अक्षर किचकट, शाई फुटलेली. चोपन्न पानांपैकी एकतीस उतरवून झाली. शेवटच्या उतरवलेल्या ओळीत लिहिलं होतं की बायकांचा तिसरा अर्ज समितीपुढे येत्या मंगळवारी ठेवला जाईल. एवढ्यात वाचनकक्ष साफसफाईसाठी तीन आठवडे बंद झाला.

आईला ती उतरवलेलं सगळं फोनवर वाचून दाखवायची; तिला तर मालिकेचा भाग चुकल्यासारखं झालं. दर रविवारी फोनवर तिचा पहिला प्रश्न हाच. "मिळाले का गं त्यांना हातमोजे?"

"आई, कक्ष बंद आहे. उघडला की सांगते."

"त्यांच्यात कुणी मुकादमीण असेल, तिचं नाव येतं का बघ. ती बोलली असणार समितीपुढे. अशी एक असतेच."

कक्ष उघडला त्या दिवशी थोरली दारात पहिली. काकांनी फडकं आणलं. ते हलकं लागलं.

"काका, याच्याबरोबर दुसरा गठ्ठा असायचा ना?"

"असायचा. गेला."

"कुठे?"

"कागदाच्या गिरणीत, लगद्याला." त्यांनी हनुवटीने दारामागची पाटी दाखवली. एरवी दार उघडं असल्यामुळे ती पाटी भिंतीकडे दबलेली असे; आज दार लोटलेलं होतं. पाटीवर लिहिलं होतं: तीस वर्षांत ज्या गठ्ठ्याला एकही मागणी नाही, तो निकाली काढावा.

"पण मी वाचत होते तो!"

"तू? तुझ्या अकरा चिठ्ठ्या आहेत माझ्याकडे. अकराही चारशे सोळाच्या. मी म्हटलं, या पोरीला कोळशाचं काय वेड लागलंय! चारशे सोळा त्यामुळेच वाचला बघ. छाननीला आलेल्या साहेबांनी विचारलं, तर मी सांगितलं, याला फार मागणी आहे."

थोरली फडकं तसंच सोडून खुर्चीत बसली. टाचणीने पाणी आणून दिलं, आणि तिच्या तोंडून खरं निघून गेलं.

"माझ्यापासून लपवलंस?" तो म्हणाला. "अगं, मी ट्रामच्या घोड्यांवर करतोय. तुझ्या धुण्याचं मी काय करू? वही चाळायचो ते माझे घोडे कुणी मागितलेत का बघायला." मग पेला उचलत म्हणाला, "मी चिठ्ठी मात्र खरी भरायचो."

तिच्या मार्गदर्शक बाईंनी एकतीस पानं चष्मा काढून वाचली. मग ती एकावर एक नीट लावली.

"मूळ कागद नाही. तू तो मागवल्याची नोंद नाही. मी तुझ्यावर विश्वास ठेवेन. परीक्षक कशाला ठेवेल? उद्या कुणी म्हणालं, हे पोरीने घरी बसून लिहिलं, तर काय दाखवशील?"

"काहीच नाही, बाई."

"मग हे बाजूला ठेव. वेळ थोडा आहे." बाईंनी पानं परत दिली. "कोळशावर लिही."

दुसऱ्या दुपारी तिने एक चिठ्ठी भरली. चारशे सतरा. काकांनी काही न विचारता चिठ्ठीवर 'उपलब्ध नाही' असा शिक्का मारला आणि वहीत नोंद करायला लावली. गठ्ठा निकाली निघाल्याची, काकांनी त्याच वहीत लिहिलेली तारीख वर होती, मागणीची तारीख खाली, सोळा दिवसांनंतरची. पुढे कुणी वही उघडली, तर त्याला दोन्ही दिसणार होत्या.

रविवारी फोन वाजला.

"मिळाले का गं?"

थोरलीने सगळं सांगितलं. चिठ्ठ्यांसकट. आई ऐकत राहिली. मागे नळ चालू होता. तो बंद झाला.

"म्हणजे आता कळायचं नाही."

"नाही, आई."

"मला कळलं." आईचा आवाज नेहमीसारखाच होता. "मिळाले असते, तर आमच्यापर्यंत आले असते ना. आम्हाला तरी कुठे होते?"

थोरलीने उतरवलेली पानं समोर ओढली.

"पण ती बोलली असेल गं समितीपुढे," आई म्हणाली. "तेवढं तरी वाचून ठेवायचं होतंस."