किल्लीचं निर्माल्य

आमच्या गाडीची एकुलती एक किल्ली दोघांनी मिळून झिजवली. एक माझे सासरे शेषेराव, ज्यांना मी मामा म्हणते. ते गाडी लॉक करतात, दार ओढून बघतात आणि मग पुन्हा लॉक करतात, कारण दार ओढताना काही झालं असेल तर? दुसरी माझी लेक चिमी. दात येऊ लागले तेव्हा बाजारातली सगळी रबरी खेळणी नाकारून तिनं किल्ली पसंत केली. तिच्या मऊ हिरड्यांखाली बटणं आधी चिरली आणि मग आत गेली. त्यात दर दसऱ्याला माझ्या सासूबाई, म्हणजे आत्या, गाडीबरोबर किल्लीचीही पूजा करतात. किल्ली हलवली की आतून खुळखुळ आवाज यायचा. बहुतेक अक्षता.

असं सगळं असूनही चाललं असतं. पण गेल्या महिन्यात मामा उमरीला चुलतभावाच्या दहाव्याला गेले. बाया घाटाखाली जात नाहीत म्हणून आत्या गाडीतच बसून राहिल्या. पिंड ठेवलं, सगळे हात जोडून मागे सरले. कावळा आला, पिंडाजवळ उतरला, मान वाकडी करून बघू लागला. कोणी श्वास घेईना. नेमकं तेव्हा मामांच्या खिशात बटण आपोआप दबलं आणि गाडी लॉक झाली. आत्यांना उकडत होतं, त्यांनी आतून दार उघडलं. गाडीला वाटलं चोर आला. ती बोंबलायला लागली.

कावळा गेला तो गेलाच. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववावा लागला. मेलेल्या माणसाची इच्छा काय राहिली यावर भावकीत चर्चा झाली, आणि ती इच्छा मामांच्या गाडीशी संबंधित असावी असं ठरलं.

घरी आल्यावर मामा म्हणाले, "ही किल्ली नीट झाल्याबिगर गाडी गेटाबाहेर जाणार न्हाई."

आणि गुरुवारी दुपारी, आम्ही राहतो त्या नांदेडपासून लांब लातूरला, माझ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. वडील नाहीत, मी एकटीच लेक. एसटीत चिमी मुदखेडएवढं अंतर जायच्या आत उलटी करते, मग एसटी कुठल्याही दिशेची असो. गेल्या वर्षी मी गाडी शिकले होते. लातूरला स्वतः गाडी घेऊन जायचं, आईला दवाखान्यात सोबत करायची आणि त्याच गाडीतून घरी न्यायचं, असं मी तिला फोनवर सांगून बसले होते. आई शेजारणींना सांगून बसली होती.

नवरा हैदराबादला नोकरीला. सुदर्शन फोनवर म्हणाला, "शोरूमला दे ना." शोरूमवाले म्हणाले, नवी किल्ली मागवावी लागेल, पंधरा दिवस धरा. मग मी ऑनलाइन नुसतं रिकामं कवर मागवलं. जुन्या किल्लीतला जीव काढून नव्यात घालायचा, एवढंच काम.

त्याचा व्हिडिओ छोटासाच होता. मी तो दोन दिवस तुकड्यातुकड्यानं बघितला, चिमी झोपली की आणि आवाज बंद करून. एक माणूस हातवारे करत किल्ली उघडून दाखवत होता. शेवटी त्यानं बोट वर केलं आणि डोळे मोठे करून काहीतरी सांगू लागला, तेवढ्यात चिमी उठली. मला वाटलं, आता लाइक करा, सबस्क्राइब करा म्हणत असेल. मी बंद केलं.

बुधवारी दुपारी ती झोपल्यावर मी ताटात किल्ली घेऊन बसले. चष्म्याचा पेचकस, लसूण सोलायचा चाकू आणि सुदर्शनचा जुना टूथब्रश. कवर उघडलं तर आत कुंकू, हळद, चार तांदूळ आणि बिस्किटाचा चुरा. हिरवी पट्टी काढली, ब्रशनं पुसली. गोल सेल काढला. लोखंडी पातं काढलं. सगळं नव्या कवरात बसवून दाबलं, तर टक्क असा फार समाधानी आवाज आला. बाहेर जाऊन बटण दाबलं. गाडीनं डोळे मिचकावले.

ओसरीतल्या खुर्चीवर मामा पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "उघडली का?"

"उघडली, मामा."

"परत लॉक कर."

केली. त्यांनी उठून दार ओढून बघितलं. "हं," म्हणाले. आमच्या घरात हा मोठा सत्कार आहे. मग आतून चिमीचं रडणं आलं, आणि गाडी चालू करून बघावी हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

जुनं कवर मी केराच्या डब्यात टाकत होते. आत्यांनी हात धरला.

"अगं माय, केरात? इतक्या दसऱ्यांचं कुंकू लागलंय त्याला!"

"आत्या, प्लास्टिक आहे ते."

"असंल. पूजा झाली ना पण त्याची?"

गुरुवारी पहाटे नेहमीप्रमाणे त्या गोदावरीला जाऊन आल्या. मी डबा भरला, चिमीच्या दोन दुपट्यांची चार केली, तिला तिच्या खुर्चीत बांधलं आणि किल्ली फिरवली. गाडी एकदा खाकरली आणि गप्प बसली. समोर किल्लीचं लाल चित्र लुकलुकू लागलं.

"मी म्हणलंच होतं," मामा म्हणाले. त्यांनी काही म्हटलं नव्हतं.

मी मोबाइल काढला आणि राहिलेला व्हिडिओ लावला. या वेळी आवाजासकट. बोट वर केलेला माणूस सांगत होता की सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जुन्या कवरच्या कोपऱ्यात तिळापेक्षा थोडी मोठी काळी चिप चिकटलेली असते. ती नव्या कवरात घाला. नाहीतर दारं उघडतील, पण गाडी मालकाला ओळखणार नाही. जुनं कवर चुकूनही फेकू नका. लाइक करा असंही तो म्हणाला, पण त्यानंतर.

"आत्या, जुनं कवर कुठंय?"

"निर्माल्यात घातलं की. सोडून आले."

"नदीत?"

"न्हाई बाई. तिथं पाटी लावलीय, पाण्यात टाकू नका म्हणून. हौदात टाकलं."

त्या पाटीला मी मनातल्या मनात हात जोडले. चिमीला मामांच्या कडेवर दिलं, आत्यांना स्कूटीवर मागं बसवलं. त्यांनी पदर तोंडाशी धरला होता. वजीराबादच्या चौकात माझ्या कानाशी म्हणाल्या, "मला काय माहीत, गाडीचा जीव त्याच्यात हाय म्हणून."

"मलाही नव्हतं माहीत."

"तुला माहीत पाहिजे होतं. तू शिकली."

हे खरं होतं, म्हणून मी सिग्नलकडे बघितलं.

घाटावरचा निर्माल्याचा हौद काठोकाठ भरलेला. झेंडू, दुर्वा, नारळाच्या शेंड्या, कोणाचा तरी अख्खा हार. आत्यांनी पदर खोचला आणि कोपरापर्यंत हात घातला. मी दुसऱ्या बाजूनं. दिवा सोडायला आलेली एक बाई थांबून बघू लागली.

"काय हरपलं, ताई?"

"गाडीची चाबी," आत्या म्हणाल्या.

"चाबी हौदात कामून टाकली?"

"चाबी न्हाई टाकली. चाबीचं टरफल टाकलं."

"मग काय हुडकून राहिले?"

"टरफलच."

बाईनं जरा विचार केला, दिवा ठेवला आणि बाह्या मागं सारल्या. "रंग कसा हाय?"

आत्यांनी स्वतःची पुरचुंडी कापडावरून ओळखली. त्यांच्या जुन्या परकराचा काठ होता तिला. गाठ सोडली. ओल्या झेंडूत जुनं कवर पडलं होतं, आणि कोपऱ्यात ती काळी कणी, चिकटून. काल मी तिला घाण समजले होते. आत्यांनी ती माझ्या तळहातावर ठेवली आणि वर आपला तळहात झाकला. घरी येईपर्यंत ती कणी माझ्या मंगळसूत्राच्या वाटीत मेण लावून चिकटवलेली होती. ही कल्पनाही त्यांचीच, मेण त्या बाईच्या मेणाच्या दिव्यातलं.

घरी मामा चिमीला घेऊन गाडीतच बसले होते, पुढच्या डाव्या सीटवर, पायाशी पाण्याची बाटली. मी चिप बसवली, किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली.

मामा उतरेनात.

"तुम्ही येताय का, मामा?"

"मला लोह्यात काम हाय."

लोह्यापर्यंत समोर ट्रक आला की त्यांचा उजवा पाय मॅटवर दाबला जाई, आणि ट्रक गेला की ते पाय हळूच मागं घेत. लोह्याच्या बसस्टँडसमोर म्हणाले, "इथं थांबव."

मी बाजूला घेतली. ते उतरले, चिमीच्या गालाला बोट लावलं, दार लावलं आणि ओढून बघितलं. "पुढं अहमदपूरला गर्दी असते. घाई करू नको." मग रस्ता ओलांडून सरळ नांदेडच्या एसटीकडं गेले.

लातूरला पोचले तेव्हा आई हिरव्या गाऊनमध्ये बाकावर बसली होती. डोळ्यात थेंब घातलेले, त्यामुळं तिला सगळं धुरकट दिसत होतं. तिनं माझ्याकडं तोंड केलं, पण नजर जरा बाजूला, भिंतीवर.

सिस्टर म्हणाली, "तुम्ही लेक का? बरं झालं बाई. सकाळपासून आम्ही त्यांना विचारून राहिलो, सोबत कोणाय. दर वेळी म्हणतात, निघालीय, ड्रायव्हिंग करून राहिली."

आईनं हाताच्या बांगड्या काढल्या आणि चाचपडत माझ्या हातात दिल्या. माझ्या हाताला झेंडूचा वास आला तिला.

"देवाला जाऊन आलीस का?"

"हो," मी म्हणाले. "आत्यांसोबत."

"बरं केलंस," ती म्हणाली, आणि सिस्टरचा हात धरून आत गेली. चिमी बांगड्या चावायला लागली.