तोंडाकडे बघा

आमच्या रानशेतच्या पाड्यावर लग्न भटजी लावत नाही, धवलेरी लावते, गाणी म्हणून. सुकीआते आमची धवलेरी. ती ओळ टाकते, आम्ही बाया उचलतो. मी जानी, तीस वर्षं तिच्या शेजारी बसून ओळ उचलतेय. गळा तिचा चांगला, माझा नुसता मोठा.

चार वर्षं झाली, आतेला ऐकू येत नाही. कानाचं मशीन आणलं, तर म्हणे आत कोंबडी ओरडते. काढून डब्यात ठेवलं. आता ती आमच्या तोंडाकडे बघते. ओठ मिटले की पुढची ओळ टाकते. एकदा मला जांभई आली, तर आम्ही अजून गातोय समजून ती बिचारी थांबून राहिली.

तिच्या नातीचं, दक्षाचं, लग्न ठरलं. नवऱ्याकडची, झरी गावची माणसं येणार, त्यांच्यासमोर फजिती नको. मीच दक्षाच्या बापाला, रविंद्रला, म्हणाले, "दुसरी बघ बाबा." त्यानं कविता नावाची तरणी धवलेरी ठरवली आणि आतेला सांगायला मलाच पाठवलं. मी पुटपुटले, तरी तिनं ओठांवरून बरोबर ओळखलं. लग्नासाठी काढलेलं नवं लुगडं तिनं घडी करून पेटीत ठेवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लग्नाच्या दिवशी झरीकरांनी डीजे आणला. कवितानं गाणं धरलं आणि तिकडे डीजे सुरू. पाण्याचे हंडे थरथरायला लागले. दोन ओळींत कविता डीजेच्या चालीवर घसरली, पोरी फिदीफिदी हसल्या, ती गप्पच बसली. नवरा-नवरी खोळंबले. रविंद्र डीजेवाल्याला शोधत पळाला.

खांबाला टेकून बसलेल्या आतेनं आमची मिटलेली तोंडं पाहिली. "थांबलात का गं?"

मी बाहेर डीजेकडे बोट दाखवलं.

"वाजू दे की. मला कुठं त्रास आहे?" म्हणाली, आणि पुढं सरकून ओळ टाकली.

आम्हाला तिचा आवाज येईना. मग मी तिच्या तोंडाकडे बघायला लागले. ओठ मिटले की उचलायचं. माझं बघून बाकीच्या बायाही, कवितासुद्धा. पापणी लवली की शब्द सुटायचा. ही म्हातारी चार वर्षं एवढी मेहनत करत होती आणि मी तिला घरी बसवायला निघाले होते. डोळे भरून आले, पण पुसायला फुरसत नव्हती.

मध्येच डीजे बंद पडला. रविंद्रला माणूस सापडला असावा. आणि अख्ख्या मांडवात आमचंच गाणं, सगळ्या एकाच शब्दावर. झरीच्या म्हाताऱ्या माना डोलवायला लागल्या.

आतेला पत्ताच नाही. गाणं संपल्यावर मी खुणेनं सांगितलं, डीजे बंद झालाय.

"कधी?"

"मघाशीच. आते, माझं चुकलं..."

तिनं माझ्या ओठांकडे नीट पाहिलं. "मग आता आवाज कमी कर, जाने. केवढं तोंड उघडतेस ते दिसतंय मला."