चौकोनी फुलं

"आपल्यात नवीन माणसाने आधी स्वतःची ओळख करून द्यायची," दातांचे डॉक्टर म्हणाले. आठवडाभर लोकांच्या दाढा उपटायच्या आणि रविवारी चार हौशी मंडळी ऑनलाइन जमवून कॉम्प्युटर गेम बनवायचा, असा त्यांचा खाक्या.

काकूंनी घसा खाकरला. पडद्यावर चेहरे नव्हते, नुसती टोपणनावं. त्यांनी स्वतःचं 'टाका' ठेवलं होतं. "मी शिवणकाम करते. कापडावर चौकटी मोजून भरतकामही करते. तुमच्या गेममधली चित्रं तशीच चौकटीचौकटींची असतात म्हणे. म्हणून आले."

खरं कारण त्यांनी पोटातच ठेवलं. या टीममधला 'घुबड' म्हणजे त्यांचा मुलगा. लहानपणी रात्र रात्र जागायचा म्हणून हे नाव त्यांनीच ठेवलेलं. नोकरीसाठी परगावी गेला आणि त्याचा फोन म्हणजे उंबराचं फूल झालं. निदान गेमच्या निमित्ताने तरी पोरगं आपल्याशी चार शब्द बोलेल, एवढीच त्यांना आशा होती. स्वारी अजून उगवली नव्हती.

"झकास! मग हे तुमचं पहिलं काम." डॉक्टरांनी गेम उघडून दाखवला. नदीकाठी झाड, झाडाखाली बाक, बाकावर पाटी. 'घुबडच्या आईच्या स्मरणार्थ.'

काकूंच्या पायाखालची जमीनच सरकली.

"आमचा घुबड मध्ये बरेच दिवस गायब होता," टीममधली बँकेत काम करणारी मुलगी हळूच म्हणाली. "आई वारली बिचाऱ्याची. आम्ही सगळ्यांनी मिळून केलंय हे. फक्त फुलं जमत नाहीयेत."

काकूंनी स्वतःला चिमटा काढून बघितला. दुखलं. काम बुडवल्यावर सांगायला कार्ट्याला दुसरं काही सुचलं नाही? ताप, पाठदुखी, काहीही खपलं असतं! त्यांना संताप आला, रडूही आलं. खरं सांगावं, तर पोराची अब्रू चव्हाट्यावर. गप्प बसावं, तर इथे आपण कायमच्या मेलेल्या.

तेवढ्यात घुबड आला. "सॉरी, उशीर झाला."

"ये रे. या नवीन काकू. तुझ्या आईच्या बाकाशेजारी फुलं काढणार आहेत," डॉक्टर म्हणाले.

"काढते की," काकू कशाबशा म्हणाल्या. "रंग कोणता हवा?"

तो आवाज ओळखताच घुबडने स्वतःचा माइक बंद केला, मग पुन्हा चालू केला.

"सांग ना," डॉक्टरांनी समजुतीच्या सुरात विचारलं. "आईला कोणता रंग आवडायचा?"

"माहीत नाही," घुबड म्हणाला. "कधी विचारलंच नाही."

"मग विचार," काकू म्हणाल्या.

बँकेतली मुलगी दचकली. "अहो काकू, असं काय बोलता? त्याची आई तर..."

"आई," घुबडने तिला मध्येच तोडलं. "तुला कोणता रंग आवडतो गं?"